गाठोडं सोडणाऱ्या आपा

आपांच्या हातात कुणी काहीही बांधलेलं दिलं, मग ती भाजीची पिशवी असो, लग्नातला आहेर असो की कुरिअरचं खोकं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणी बांधलंय?" आणि त्यामागून लगेच, "परात आण." परातीशिवाय आपा काही म्हणजे काही उघडत नसत. ऑफिसातही त्यांच्या टेबलाखाली एक ॲल्युमिनियमची परात असायची. साहेबांच्या वाढदिवसाच्या केकचं खोकं त्यांनी त्या परातीत ठेवून उघडलं, तेव्हा साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "आत काय हाय ते बांधणाऱ्याला ठाऊक. सांडायचं तर परातीत सांडू दे, घरभर कशाला?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचे अब्बा ट्रान्सपोर्टच्या गोदामात चादरींचे गठ्ठे बांधायचे, त्यांच्याकडून हे खूळ आलेलं. आणि मजा अशी की कंपनी आपांना पगार द्यायची तो ह्याच खुळाचा.

आमची कंपनी जुळे सोलापुरात, एका फरशीच्या दुकानावर. कंपनी आपलं म्हणायचं, एका रिक्षात मावतील एवढी माणसं. साहेब मालक, निलेश प्रोग्रॅम लिहिणारा, आपा तो तपासणाऱ्या आणि मी गिऱ्हाइकांचे फोन घेणारी. दिवसभर "हो, हो, होऊन जाईल" एवढंच म्हणायचं माझं काम होतं आणि त्यात मी पटाईत होते. मी मोडनिंबची, म्हणून आपांनी माझं नावच मोडनिंब ठेवलं. नवऱ्याचा फोन आला तरी ओरडायच्या, "ए मोडनिंब, तुझा सोलापूर बोलतोय!"

चादरी-टॉवेलच्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आता नक्षी कागदावर नसते, फाइलींमध्ये असते आणि मागाशेजारचा कॉम्प्युटर ती वाचतो. एका चादरीच्या नक्षीला ढीगभर फाइली लागतात. त्या सुट्या पाठवल्या तर चार वाटेतच हरवायच्या, म्हणून सगळ्या बांधून एकच फाइल करायची. जग तिला झिप म्हणतं, आपा गाठोडं म्हणायच्या. कारखान्यात पोचल्यावर आमच्या प्रोग्रॅमनं ते गाठोडं सोडायचं आणि फाइली नेमलेल्या फोल्डरात मांडायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण एखादी आगाऊ फाइल नेमलेली जागा सोडून बाहेर जाते आणि दुसऱ्याच्या फाइलीच्या डोक्यावर बसते. खालची फाइल मग कायमची गेली. ना कुणी विचारत, ना घंटा वाजत. असल्या आगाऊ फाइलींवर आपांचा पहारा होता.

त्यांच्या टेबलावर चार पाहुण्या कायम मांडलेल्या असत. विंडोजचा जुना डबा म्हणजे सासूबाई, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला मॅक म्हणजे जाऊबाई, पेनड्राइव्ह म्हणजे नणंद, आणि जुन्या बाजारातून आणून स्वतः विंडोजऐवजी लिनक्स घातलेला कॉम्प्युटर म्हणजे लेक. प्रत्येक डिस्कची फाइली मांडायची आपली रीत असते. कुणाला लांब नावं चालत नाहीत, कुणाला मोठ्या फाइली पेलत नाहीत, एकीला जे कळतं ते दुसरीच्या गावीही नसतं. मला पहिल्या आठवड्यात यातलं काही उमगेना, तेव्हा आपा म्हणाल्या, "माहेरची रीत सासरी चालती का गं? मग नणंदेची रीत लेकीला कशी चालंल? चौघींच्या पानात वाढून बघायचं, मग बोलायचं." त्यानंतर मला पुन्हा समजावून सांगायची वेळ आली नाही.

निलेशचं आणि त्यांचं रोज वाजायचं. निलेश हुशार पोरगा, पण त्याचं एक वाक्य आपांना मिरचीसारखं झोंबायचं: "आपा, माझ्या मशीनवर चालतंय की!" झालं. आपा खुर्ची फिरवायच्या. "काय बे निलेश, तुझ्या मशीनवर चालतंय म्हणून समद्या गिऱ्हाइकांना तुझ्या घरी आणून बसवू का? आई चहा करंल का सगळ्यांना?" पॉलिटेक्निकला फर्स्ट क्लास मिळाल्याचं त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या, आणि त्यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. "मिळवलाय म्हणून सांगते. चोरलाय का?" एकदा त्यांनी निलेशचं आख्खं काम अडवलं, आरडाओरडा केला आणि शेवटी निघालं काय, तर लेकीची डिस्क भरली होती. माफी मागतील तर आपा कसल्या! दुसऱ्या दिवशी गुपचूप समोशांचा पुडा त्याच्या टेबलावर ठेवला. परातीत.

मला त्या फार आवडायच्या. रागही यायचा, कारण कारखानदारांच्या शिव्या फोनवर मी खायची आणि काम अडवणार त्या. पण जेवायला मी त्यांच्याशेजारीच बसायची. त्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की माझा डबा तसाच घरी जायचा.

तर ही गोष्ट अण्णांच्या कारखान्याची. अण्णा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तेलुगू विणकरांचं घर, तीन पिढ्या चादरी विणतंय. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या चादरी विणायच्या आत नवं सॉफ्टवेअर बसवून देतो असा शब्द साहेबांनी दिला होता. तारीख जवळ आली आणि आपांनी मान हलवली. "नाही. पास नाही."

झालं होतं असं. चादरीच्या चारी बाजूंना काठ असतो. तोच काठ बऱ्याच नक्षींना चालतो, म्हणून आम्हाला गाठोडी पुरवणारा डिझायनर जागा वाचवायला काठाची फाइल पुन्हापुन्हा घालत नसे. 'काठ पलीकडच्या फोल्डरात आहे, तिकडे जा' अशी नुसती पाटी गाठोड्यात ठेवायचा. सासूबाईला ती पाटी उभीच करता यायची नाही, आणि नणंदेला पाटी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यामुळे दोघींकडे गाठोडं सुरळीत सुटायचं. पण जाऊबाईला आणि लेकीला पाटी वाचता यायची. गाठोड्यातून आधी पाटी निघायची, तिच्यामागून काठाची एखादी नवी फाइल निघाली की आमचा प्रोग्रॅम पाटी दाखवेल तिकडे मुकाट्यानं चालू लागायचा, फोल्डरच्या बाहेर, आणि तिथं त्याच नावाचा जो काठ असेल त्याच्यावर नवा काठ ठेवून मोकळा व्हायचा. आपांनी तसं एक गाठोडं स्वतः बांधून लेकीवर सोडलं, तेव्हा हे सापडलं. आणि अण्णांच्या कारखान्यात मागाशेजारी लिनक्सच होतं.

"पण असं घडेलच कशावरून?" साहेब वैतागले. "ते गाठोडं तुम्ही स्वतः बांधलंत, आपा. मुद्दाम खोडसाळ बांधलंत. अण्णांना असलं गाठोडं कोण पाठवणार आहे?"

"खोडसाळ बांधलेलं नीट सुटत नसंल तर साधं तरी दर वेळी नीट सुटंल कशावरून? डिझायनर पाट्या घालतो. आज नाही उद्या पाटीमागं फाइलपण घालंल."

"अण्णांच्या मशीनवर दाखवा, मग मानतो. नाहीतर उद्या बसवायचं." साहेबांचा आवाज चढला. ते वाईट माणूस नव्हेत. दिलेला शब्द मोडला की त्यांना रात्री झोप लागत नाही, एवढंच.

आपा म्हणाल्या, "दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवर आम्ही दोघी एमआयडीसीत गेलो. नवं सॉफ्टवेअर आणि डिझायनरचं ताजं गाठोडं असलेला पेनड्राइव्ह साहेबांनी माझ्याकडे दिला होता, मी गोड बोलून बसवून देईन म्हणून. कारखान्याच्या दारात पाय ठेवला आणि मागांच्या आवाजात आपा माझ्या कानाशी ओरडल्या, "मोडनिंब, पेनड्राइव्ह दे." मी दिला. त्यांनी तो मुठीत धरला आणि मूठ काही सोडली नाही.

अण्णांनी पंख्याखाली खुर्च्या दिल्या, सरबत मागवलं. आपांनी सरळ विषय काढला. "अण्णा, तुमच्या डिस्कची एक नक्कल करायची हाय. नकलेवर आधी बघू, मग खऱ्यावर बसवू."

अण्णांनी मान हलवली. "नक्कल नाही होत, बाई. आत नान्नांचा काठ आहे."

तेव्हा आम्हाला त्या काठाची हकिगत कळली. अण्णांच्या वडिलांनी, त्यांच्या नान्नांनी, तो काठ स्वतः काढलेला. बाजारात तो कधी गेला नाही. घरातली लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर ज्या चादरी जातात, तेवढ्यांनाच तो काठ. पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून नक्षी मागाला लावायचे, तेव्हाही नान्नांच्या काठाचा संच एकच. त्याला वाळवी लागली तेव्हा नान्ना स्वतः शेजारी बसले आणि काठ कॉम्प्युटरवर घेऊन होईस्तोवर त्यांनी घेणाऱ्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही. मग पत्ते जाळले. "काठ एकच असतो," अण्णा म्हणाले. "दोन झाले की तिसरा होतो, मग बाजारात दिसतो. आमच्यात दुसरी प्रत करत नाहीत. जावयालासुद्धा देत नाहीत."

म्हणजे जगात तो काठ फक्त त्या एका डिस्कवर होता. तोही पाट्या दाखवायच्या त्याच काठांच्या फोल्डरात, आणि त्याचं नाव होतं 'एक'. घरातला पहिला काठ, म्हणून एक. डिझायनरसुद्धा प्रत्येक गाठोड्यातल्या पहिल्या काठाला 'एक' म्हणूनच नाव द्यायचा.

आपांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तेच सुचलं होतं. "अण्णा, लेकीचं लगीन तोंडावर आलंय. हे गाठोडं आत्ता सोडलं आन् काठ गेला, तर तिच्या चादरीला काय लावणार?"

"अभद्र बोलू नका, बाई."

"मी बोलले नाही म्हणून टळणार हाय का?"

अण्णा उठून मागांकडे निघून गेले. साहेबांचा फोन आला, "झालं का?" मी सवयीनं "होतंय, साहेब" म्हणाले आणि आपांनी असे डोळे वटारले की उरलेलं वाक्य मी गिळलं. त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर, मूठ पर्सवर. दुपारी अण्णांनी जेवायला बोलावलं. आपा म्हणाल्या, "हितलं गाठोडं कुणी सोडणार नसंल तर जेवते." कारखान्यातली माणसं येताजाता बघायची. कुणीतरी हसलंही. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं आणि ही बाई आपली पंखा जरा जोरात करा म्हणून सांगत होती!

परत फोन. या वेळी साहेबांनी स्वतःच येतो म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळात घाम पुसत आलेही. "आपा, चला. पुरे झालं. शोभत नाही हे."

"साहेब, तुम्हीच म्हणालात अण्णांच्या मशीनवर दाखवा."

"त्यांना नकोय ना पण!"

"त्यांना नक्कल नको हाय. काठ तर हवाय की!" मग त्या अण्णांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "अण्णा, असं करू. खरी डिस्क मशीनमधून काढून तुमच्या हातात देते. तुम्ही मांडीवर घेऊन बसा. नकलेवर गाठोडं सोडू. बघून झालं की नक्कल तुमच्या डोळ्यांदेखत पुसते. तुमच्या घरात काठ एकच राहील. माझ्यावर विश्वास नको, माझ्याशेजारी बसा. नान्ना बसले होते तसे."

अण्णांनी स्वतः खुर्ची ओढली आणि ते आपांच्या शेजारी बसले.

नक्कल होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. खरी डिस्क हातात आल्यावर त्यांनी ती उपरण्यात गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. आपांनी नकलेवरचा काठ आधी पडद्यावर उघडून दाखवला. कोयऱ्यांच्या रांगा आणि दोन कोयऱ्यांमध्ये एक इवलंसं पान, दर वेळी जरा वेगळ्या बाजूला झुकलेलं. अण्णा म्हणाले, "ते पान नान्नांचा हात आहे." मग आपांनी आमचं नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि मूठ उघडून डिझायनरचं ताजं गाठोडं घेतलं. आपांनी बांधलेलं खोडसाळ नव्हे, डिझायनरचं, जे त्या दिवशी तिथं सुटणारच होतं. सोडलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'यशस्वी'.

"बघा! झालं की!" साहेब म्हणाले.

आपांनी काठ पुन्हा उघडला. पडद्यावर तीन सरळ रेघा होत्या. कोयऱ्या नाहीत, पान नाही. बाजारातल्या कुठल्याही टॉवेलला असतात तशा तीन रेघा. डिझायनरनं पाटीमागं फाइल घातलीच होती.

अण्णांनी मांडीवरची डिस्क दोन्ही हातांनी पोटाशी धरली. साहेबांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. आपांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता. त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे नक्कल पुसायला घेतली, तशी अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, थांबा. ही पुसा. पण खऱ्या डिस्कची आणखी एक नक्कल काढा. ती मी देवघरात ठेवीन."

त्या घरात पहिल्यांदा काठ दोन झाले. लेकीच्या चादरी जुन्या सॉफ्टवेअरवरच निघाल्या, कोयऱ्यांसकट आणि त्या झुकलेल्या पानांसकट. निलेशनं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. आता पाटी फोल्डरबाहेरची वाट दाखवत असेल तर गाठोडं तिथल्या तिथं थांबतं आणि बोंब मारतं. अण्णांना ते उशिरा मिळालं. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

काढला तो साहेबांनी. आपा बरोबर होत्या हे त्यांना कळत होतं, आणि तेच त्यांना सलत होतं. "गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढली," ते मला म्हणाले. मला म्हणावंसं वाटलं, दाखवा तुम्हीच म्हणालात. म्हणाले मात्र नाही, कारण 'हो साहेब' शिवाय माझ्या तोंडातून काही निघत नसे. हळूहळू त्यांनी तपासणीचं काम निलेशकडे दिलं आणि आपांना बिलांवर बसवलं. आपांनी महिनाअखेरपर्यंत बिलं केली. मग राजीनामा ठेवला. "ज्या टेबलावर 'नाही' म्हणता येत नाही, तितं मी काय करू? हैदराबादची एक कंपनी विचारतीय. फर्स्ट क्लास हाय माझा."

निरोपाच्या दिवशी त्यांनी शीरखुर्मा आणला होता. ईद नव्हती, काही नव्हतं. निलेश दोन वाट्या प्याला आणि बाहेर जाऊन रडला, मी बघितलं. साहेब हात जोडून उभे होते. आपा जिना उतरताना मी मागं गेले तर म्हणाल्या, "माझ्या मागं येऊ नको. वर जा, फोन वाजतोय." खरंच वाजत होता.

निलेशला दोन्ही कामं झेपेनात, तेव्हा साहेबांनी तपासणी माझ्या गळ्यात घातली. "तू आपांच्याशेजारी बसायचीस ना, मग जमेल." शिकले. चुकत, निलेशला छळत, क्लास लावून शिकले. चौघींच्या पानात वाढायला लागले. आणि गेल्या महिन्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्याचं काम निघायच्या आदल्या दुपारी साहेब टेबलाशी आले. "पास ना? उद्या सकाळी बसवायचंय. शब्द दिलाय."

पेनड्राइव्हवर मोठी फाइल अर्धी सुटून थांबत होती आणि प्रोग्रॅम तरीही 'यशस्वी' म्हणत होता. अर्धी नक्षी, आणि यशस्वी! मी पडद्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या जिभेवर 'हो' बसलेला, तिला दुसरं काही येतं का, हे मलाच ठाऊक नव्हतं.

"नाही, साहेब. पास नाही."

"तू पण?"

"मी पण."

ते गेले. आता माझी बिलांवर बदली, असं मी धरून चालले. थोड्या वेळानं दार उघडून साहेब पुन्हा आत आले, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "दाखव बरं, कुठं थांबतंय ते. आणि निलेशला बोलाव. कारखान्याला मी सांगतो."

मी जिना उतरून खाली फुटपाथवर गेले आणि हैदराबादला फोन लावला. बोलताबोलताच रडू आलं. "आपा, मी आज साहेबांना नाही म्हणाले. त्यांनी ऐकलं. खुर्ची ओढून बसले, आपा."

तिकडून तोच आवाज, "मॅकवर, जाऊबाईकडं, लावून बघितलीस का?"

"अजून नाही."

"मग फोन कशाला केलीस? जा, आधी बघून ये. नंतर रड."

मी डोळे पुसले आणि वर गेले.